गराडेभाऊंचा निळा

लोणावळ्यात भिंतीतून ओल येते तसा आवाजही येतो. आमची आणि गराडेभाऊंची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्याकडे आज डाळ शिजली की कडधान्य, हे मला कुकरच्या शिट्ट्यांवरून कळायचं. पण सकाळी मी शाळेचा डबा भरत असताना पलीकडून जे ऐकू यायचं, ते नव्या माणसाला बुचकळ्यात टाकणारं होतं.

"पिवळा!" वहिनींचा आवाज.

"पिवळा!" भाऊंचा, त्याहून मोठा.

"आता जरा हिरव्यावर गेलाय. लिंबाच्या सालीवानी."

"अगं, सिग्नलला लिंबाची साल आसती का कुटं? हिरवा का पिवळा, एक काय ते सांग!"

माझी नणंद एकदा राहायला आली होती. दुसऱ्याच सकाळी तिने मला हळूच विचारलं, "शेजारचे दोघं बरे आहेत ना गं?" मी म्हटलं, "बरे आहेत. पाणी तपासतायत." तिचं समाधान झालं नाही. दोन वाक्यांत सांगून कुणाचंही समाधान व्हावं अशी ही गोष्टच नाही.

तुकाराम गराडे मूळचे परंदवडीचे, शेतकरी घरातले. रेल्वेत लागले आणि लोणावळ्याचे झाले. कर्जतहून गाडी घाट चढते तेव्हा तिला मागून इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. भाऊंची बहुतेक सगळी नोकरी त्या बँकरवर गेली. गाडी ढकलत वर आणायची, लोणावळ्याला सोडायची आणि परत खाली जायचं. आतली माणसं खिडकीतून धबधबे बघणार, वडे खाणार, मुलांना बोगदे मोजायला लावणार. मागून कुणी ढकलतंय हे त्यांच्या गावीही नाही. याचं भाऊंना वाईट वाटायचं नाही, उलट थोडी गुर्मीच होती. "म्होरचा गाडी नेतो, बाई," ते मला सांगायचे, "मागचा चढिवतो." मी शाळेत शिकवते म्हणून त्यांच्या लेखी मी कायमची 'बाई'.

माणूस उंच, किडकिडीत, घरातसुद्धा फुलपँट घालणारा. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. बाहेर पडताना फाटकाची कडी लावायची, ती ओढून बघायची, चार पावलं जाऊन परत यायचं आणि पुन्हा ओढून बघायची. मी एकदा हसले, तर म्हणाले, "घाटात घाई करनारा घरी जात न्हाई." मी म्हटलं, "भाऊ, हे फाटक आहे." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की त्या दिवसापासून मीही आमची कडी ओढून बघायला लागले.

आणि त्या रंगांच्या आरोळ्या. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की सहायकाने मोठ्यांदा रंग पुकारायचा आणि ड्रायव्हरने हात वर करून तोच रंग पुन्हा म्हणायचा. एकाचा डोळा चुकला तर दुसऱ्याच्या कानाला कळावं, म्हणून ही पद्धत. भाऊंनी ती पद्धत घरी आणली, त्याला कारण होतं.

मुदतीच्या आधीच त्यांनी नोकरी सोडली. गल्लीत सांगितलं, कंटाळा आला. खरं काय ते शालनवहिनींनी मला गच्चीवर वाळवणं घालताना सांगितलं. ड्रायव्हरांचे डोळे अधूनमधून तपासतात. त्या तपासणीत रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरतात, ठिपक्यांमध्ये आकडे लपवलेले असतात. भाऊंना नुसते ठिपके दिसले. त्यांनी पुस्तक उलटं धरून पाहिलं, खिडकीशी नेऊन पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, "छापायचं राहिलंय."

इंजिनावरून उतरवून त्यांना कचेरीत टेबलावर बसवलं. टेबलावर बसणं त्यांना मानवलं नाही आणि घरी आले. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्यामागची नस सुकत चाललीय. थेंब घालत राहायचं, म्हणजे सुकणं लांबेल, पण गेलेलं परत येणार नाही. लाल आणि हिरवा यांच्यातला फरक गेला होता. निळा शाबूत होता, पण तो किती दिवस टिकेल हे डॉक्टर सांगेनात.

दवाखान्यातून स्टेशनकडे चालत येताना वाटेत माशांचं एक दुकान लागलं. म्हणजे काचेच्या टाक्यांतले, शोभेचे मासे. आत एक खाऱ्या पाण्याची टाकी होती, वर निळा दिवा, खाली दगड, आणि दगडांवर बोटाएवढी, बटणाएवढी जिवंत प्रवाळं उघडलेली. वहिनी पुढे निघून गेल्या, मागे बघतात तर नवरा नाही. परत आल्या तर हे काचेला नाक लावून उभे.

"शालन, ह्यो निळा हाय," ते म्हणाले. "पुरा निळा. कुटंच इटलेला न्हाई."

वहिनी मला हे सांगताना रडल्या नाहीत. वाळत घातलेल्या मिरच्या उलटतच बोलल्या. "मी म्हनलं, बघा घटकाभर. तर ह्यांनी आत जाऊन त्या पोराला इचारलं, घरात समुद्र करायला काय काय लागतं?"

तेव्हापासून त्यांनी मनात एकच धरलं. निळा आहे तोवर आपल्या घरात, आपल्या हातचं प्रवाळ उघडलेलं बघायचं. कुणी पंढरी म्हणेल, कुणी काशी म्हणेल, यांची टाकी. आणि दुकानातली बघून चालणार नव्हती. "दुसऱ्याच्या गाडीत बसून घाट बघायचा आसता तर तिकीट काढलं आसतं," म्हणाले.

टाकी आली ती हिवाळ्यात. समोरच्या खोलीतला दिवाण बाहेर गेला, टीव्ही कोपऱ्यात सरकला, आणि भिंतीला लागून लोखंडी चौथरा. वहिनींनी दिवाणासाठी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पाण्याचं पिंप हलवायला माणूस लागला, तेव्हा अबोला सुटला. पिंपात गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात समुद्री मिठाची पुडी मोजून घालायची, पाणी पंपाने फिरवत ठेवायचं. मी विचारलं, "खडेमीठ नाही का चालत?" भाऊ म्हणाले, "बाई, तुमी आमटी करताय का समुद्र?"

खारटपणा मोजायला दुर्बिणीसारखी एक छोटी नळी असते. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. आत वर निळा रंग दिसतो, खाली पांढरा, आणि मधली रेघ ज्या आकड्यावर तो खारटपणा. ही नळी भाऊंची फार लाडकी. ती कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. यात त्यांना कुणाची गरज नव्हती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

बाकीच्या तपासण्या मात्र सगळ्या रंगांच्या. बाटलीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, आणि जो रंग येईल तो कागदावरच्या पट्ट्यांशी जुळवायचा. पिवळा म्हणजे ठीक, हिरव्याकडे गेला की पाणी विषारी. ज्या माणसाचं इंजिन रंगासाठी गेलं, त्याच्या समुद्राने पहिल्याच दिवशी रंग विचारला. दुसरा कुणी असता तर सामान दुकानात परत नेऊन आला असता. भाऊंनी वहिनींना सहायक नेमलं.

वहिनी पवनानगरच्या, धरणाकाठच्या. डोळा तल्लख, पण रंगांची नावं सगळी स्वयंपाकघरातली. "वरनावानी." "आंब्याच्या कोयीवानी." "तुमच्या त्या जुन्या स्वेटरवानी." भाऊ कातावायचे. मग वहिनी म्हणायच्या, "मंग तुमीच बघा." यावर भाऊ हात वर करून निमूट म्हणायचे, "आंब्याची कोय." असं होता होता अर्धं काम रेल्वेच्या भाषेत आणि अर्धं आमटीच्या भाषेत चालायला लागलं.

पाणी भरलं म्हणून समुद्र होत नाही. दगडांत डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात, ते घाण खायला लागले की मग मासे. तोवर टाकीत नुसते दगड आणि पाणी. गल्लीतली माणसं कौतुकाने यायची, चहा प्यायची आणि विचारायची, "मासे कुठायत?" भाऊ गंभीरपणे सांगायचे, "लाइन क्लिअर न्हाई." पुढे दगडांवर तपकिरी बुरा आला, काच मळली. येणारे म्हणायला लागले की गराडे गटार पाळतात. मीही चेष्टा केली. भाऊ रोज सकाळी काच पुसायचे, कडी ओढून बघावी तसं पंपाच्या वायरला हात लावून बघायचे, आणि वाट बघायचे. इतकं ठाम वाट बघणं मी कुणाचं पाहिलेलं नाही. मी तर दूध वर यायचीसुद्धा वाट बघू शकत नाही.

उन्हाळ्यात लाइन क्लिअर झाली. आधी गोगलगायी आल्या. मग केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन मासे, वहिनींनी त्यांची नावं अप आणि डाऊन ठेवली. आणि मग प्रवाळाचे दोन तुकडे, निळ्या बटणांसारख्या तोंडांचे. घेताना भाऊंनी दुकानातल्या पोराला तीनदा विचारलं म्हणे, "समुद्रातनं तोडलेलं न्हाई ना?" टाकीतच वाढवलेलं आहे याची खात्री झाल्यावरच घेतलं. लोणावळ्यापर्यंत डबा मांडीवर धरून आणला. दुपारी मी डोकावले तर दोघं नवरा-बायको टाकीसमोर खुर्च्या टाकून बसलेले, लग्नात पहिल्या रांगेत बसावं तसे. बटणं मिटलेलीच होती. "दमलीत," वहिनी म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यातलं एक अर्धवट उघडलं. अर्धवटच, पण भाऊंनी मला शाळेत फोन केला.

मग पावसाळा आला आणि लोणावळ्याची वीज गेली. इथे ती जाते, नवल नाही, पण त्या खेपेला झाडच तारांवर पडलं. इन्व्हर्टर सकाळपर्यंत पुरला आणि बसला. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू संपतो, म्हणून भाऊंनी प्लास्टिकचा मग घेतला, टाकीतलं पाणी मगात भरायचं आणि वरून परत ओतायचं. मी शाळेला सुट्टी म्हणून घरी होते. दुपारी जाऊन पाहिलं तर भाऊंचा खांदा गळलेला, वहिनी ओतत होत्या.

"बाई, आलात ते बरं झालं," भाऊ म्हणाले. "बँकर लावा."

मी पदर खोचला आणि वहिनींच्या हातातला मग घेतला. ओतता ओतता माझ्या साडीवर खारं पाणी सांडलं, त्याचा पांढरा डाग अजून आहे. भाऊ शेजारी खुर्चीवर बसून लय सांगत होते, "सावकास. झटका द्यायचा न्हाई. मागच्याला झटका देता येत न्हाई." संध्याकाळी दिवे आले, पंप घुरघुरला, आणि तो माणूस उठून पंपाला नमस्कार करून आला. त्या दिवसापासून मी चेष्टा बंद केली.

त्याच श्रावणात राखीपौर्णिमेला हौसाक्का आल्या. भाऊंची थोरली बहीण, परंदवडीतच दिलेली. बेगडेवाडीला लोकल पकडून, काखेत पिशवी घेऊन एकट्या येणारी बाई. आई लवकर गेली, तुकाला हिनेच वाढवलं. टाकी त्यांनी पहिल्यांदाच बघितली. बराच वेळ बघून म्हणाल्या, "आमी पान्यातनं मीठ काडून खातो, आन् तू इकत आनून पान्यात टाकतोस. बरं हाय बाबा तुजं." पण डोळे टाकीवरून हलत नव्हते. आक्कांनी खरा समुद्र कधी बघितला नव्हता.

"आज नारळी पुनव," त्या म्हणाल्या. "समुद्र घरी आलाय, त्याची वटी भराया नगं?"

वहिनी सावध झाल्या. "वन्सं, पान्यात काय टाकू नगा हां. मासं मरत्यात."

"न्हाई टाकत बाई." आक्कांनी काचेवर बाहेरून हळदी-कुंकवाची बोटं उमटवली, नारळ चौथऱ्यापाशी ठेवला. मग राखी बांधली. भाऊंनी हात पुढे धरून म्हटलं, "छान लाल आनलीस आक्का." राखी हिरवी होती. आक्कांनी वहिनींकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे, आणि मी नारळी भाताच्या ताटाकडे. त्यानंतर आम्ही सगळे जेवायला आत गेलो. आक्का म्हणाल्या, "तुमी व्हा म्होरं, मी हात धुऊन आले."

पुढच्या काही दिवसांत गोगलगायी खाली पडायला लागल्या. काचेवरून सुटायच्या आणि वाळूत उलट्या पडून राहायच्या. बटणं मिटली ती उघडेनात, मग कडा झडायला लागल्या. सकाळच्या आरोळ्या वाढल्या. रोज एकदाची तपासणी तीनदा व्हायला लागली. "पिवळा!" "पिवळा!" सगळं ठीक, सगळं नियमात, आणि टाकी मरतेय. भाऊंना वाटलं, वहिनी रंग चुकीचा सांगतायत. तसं बोलूनही गेले. मी भिंतीपलीकडून ऐकलं. मग वहिनी बाटली घेऊन माझ्याकडे आल्या, "बाई, तुमी सांगा ह्यो कंचा रंग?" मी म्हटलं, "पिवळा." त्या दारातूनच ओरडल्या, "बाई पन पिवळाच म्हनत्यात!" आणि तिथेच पायरीवर बसून रडल्या.

भाऊंनी दुकानात फोन लावला. तिकडचा मुलगा सगळं ऐकून म्हणाला, "काका, मासे ठणठणीत आणि गोगलगायी मेल्या? पाण्यात तांबं गेलंय का? मासे तांबं सोसतात, बाकीचे नाही."

घरात तांब्याचं काही नव्हतं. हंडा नाही, पंपात उघडी तार नाही. भाऊंनी टाकी उपसायला घेतली. अप आणि डाऊन पिंपात गेले. एकेक दगड बाहेर आला. मागच्या कोपऱ्यात, सगळ्यात मोठ्या दगडाच्या मागे, वाळूत वहिनींच्या बोटांना काहीतरी लागलं. मी तेव्हा पाणी काढायच्या बादल्या रिकाम्या करत होते. वहिनींनी हात वर केला. जुना, तांब्याचा भोकाचा पैसा होता, बुरा चढलेला.

"हिरवा पडलाय," वहिनी सवयीने म्हणाल्या.

भाऊंनी पुकारा परत दिला नाही. पैसा हातात घेतला, अंगठ्याने पुसला, भोकात नख घालून बघितलं. मग म्हणाले, "माझ्या करदोट्यातला."

लहानपणी त्यांच्या कमरेला काळ्या दोऱ्यात ओवलेला होता तो, दृष्ट लागू नये म्हणून आईने बांधलेला. आई गेल्यावर आक्कांनी तो काढून कायम आपल्या कनवटीला जपला होता. गाडी नदीवरून जाताना माणसं पाण्यात पैसा टाकतात आणि हात जोडतात, भाऊंनी जन्मभर पाहिलेलं. आक्कांनी घरातली सगळ्यात मोलाची वस्तू समुद्राला दिली, आणि पाण्यात काही टाकू नका म्हटलं तर पैसा म्हणजे काही टाकणं नव्हे, अशी त्यांची समजूत.

वहिनींचा पारा चढला. "आत्ता फोन करते वन्संना. बजावून सांगितलं हुतं मी! पुऱ्या वरसाची मेहनत..."

"फोन ठेव."

"का ठेवू?"

"तिनं काय मागितलं आसंल पैसा टाकून? माजं डोळंच मागितलं आसतील ना?" भाऊंचा आवाज फुटला, पण चढला नाही. "तिला कळलं की तिच्या हातनं ह्ये झालं, तर ती जेवायची न्हाई. तिला सांगायचं न्हाई. कुनीच न्हाई. बाई, तुमी बी."

मी मान हलवली. वहिनींनी फोन ठेवला.

तांबं दगडात मुरतं, वाळूत मुरतं. धुऊन जात नाही. म्हणजे सगळं फेकायचं आणि परत पहिल्यापासून. परत पिंप, परत मीठ, परत दगड, परत तपकिरी बुरा आणि परत 'मासे कुठायत'. आणि मधल्या काळात डोळ्यांचं काय, हे कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना तेच दिसत होतं. त्या दिवाळीत भाऊ माझ्या दारातला आकाशकंदील बघून म्हणाले, "निळा हाय ना हा?" याआधी त्यांनी निळा कधी विचारला नव्हता. मी "हो" म्हटलं आणि आत येऊन उगाच चकल्या हलवत बसले. मला त्या माणसासाठी फार भीती वाटली.

मला वाटलं होतं, आता ते सोडतील. सोडलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. दिवाळी संपल्यावर दगडांचं नवं खोकं आलं. ते उतरवून घेताना मी विचारलंच, "भाऊ, परत?"

"बाई, गाडी घाटात थांबली तर डायवर काय करतो?"

"काय करतो?"

"ब्रेक धरून ठिवतो. मागं येऊ द्यायची न्हाई. आन् मंग परत चढिवतो." खोकं आत ठेवून ते कमरेवर हात देऊन उभे राहिले. "दुसरं काय करनार? घाटात उतरून घरी जाता येतंय का?"

वहिनींनी एकच अट घातली. "मी रंग सांगीन, पन माज्यावर शक घ्यायचा न्हाई." भाऊंनी हात वर करून म्हटलं, "शक न्हाई!" मी भिंतीपलीकडून हसले, आणि ते दोघांनाही ऐकू गेलं.

आक्कांचा फोन यायचा. "तुका, समुद्र कसा हाय रं?" भाऊ रिकाम्या काचेकडे बघत सांगायचे, "झ्याक हाय. भरती आलीय." एवढं बेधडक खोटं बोलताना मी त्यांना दुसऱ्या कशासाठीच ऐकलं नाही.

परत हिवाळा, परत उन्हाळा. अप आणि डाऊन परत टाकीत गेले. नवी बटणं आली. या खेपेला ती आठवड्यातच उघडली, पण पूर्ण नाही, कडेकडेने. भाऊ आता काचेच्या अगदी जवळ उभे राहायचे. पूर्वी खुर्चीवरून बघायचे. नळीतली रेघ वाचायलाही वेळ लागायला लागला, पण ती दुसऱ्याच्या हातात दिली नाही.

राखीपौर्णिमा आली. वहिनी सकाळपासून धुसफुसत होत्या. मला मुद्दाम बोलावून घेतलं, "तुमी टाकीपाशी बसा. मी आत गेले तर हलायचं न्हाई." म्हणजे मी पहारेकरी. हौसाक्का आल्या, वाकल्या होत्या थोड्या. टाकीसमोर उभ्या राहिल्या, हात जोडले. मग त्यांचा हात हळूच कनवटीकडे गेला. मी वहिनींकडे बघितलं, वहिनी पुढे झाल्या, पण त्याआधी भाऊच बोलले.

"आक्का, थांब. तुला एक दावायचंय."

त्यांनी सदरा वर केला. पँटच्या पट्ट्याच्या वर, कमरेला नवा काळा दोरा होता. त्यात भोकाचा पैसा, घासूनपुसून लख्ख केलेला.

आक्का बघतच राहिल्या. "अरं, ह्यो तर मी..."

"समुद्रानं परत दिला. म्हनला, तुजं तुज्यापाशी ठिव. मला तुजं काय नगं."

"म्हंजी पावला का न्हाई?"

"पावला की. निळा दिसतोय मला."

आक्कांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला, डोळ्यांत निरखून बघितलं. "आन् लाल?"

"लाल घिऊन काय करायचंय? लाल दिसला की थांबावंच लागतं."

आक्का हसल्या, हसता हसता डोळे पुसले. कनवटीला दुसरा पैसा होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. मग पिशवीतून राखी काढली. निळी होती, गडद, शाईसारखी. भाऊंनी रंग सांगितला नाही, कुणी विचारलाही नाही. ती राखी त्यांनी दिवाळीपर्यंत हातावरून काढली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली तळेगावला झाली. सामान टेम्पोत चढत होतं आणि मी निरोप घ्यायला शेजारी गेले. सकाळची वेळ, दार उघडंच. टाकीवरचा निळा दिवा नुकताच लागला होता. वहिनी बाटली हलवत उभ्या होत्या. भाऊ काचेला जवळजवळ कपाळ टेकवून उभे होते. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, सदऱ्याखाली दोऱ्याची गाठ वर आलेली. त्यांना माझी चाहूल लागली नव्हती, आणि मी हाक मारली नाही.

मोठ्या दगडावरची बटणं उघडत होती. एक, मग त्याच्या शेजारचं, मग सगळाच झुपका, कडेपर्यंत, एकही मिटलेलं नाही. अप त्यांच्यावरून पोहत गेला आणि मागून डाऊन.

रोज वहिनी आधी पुकारत आणि भाऊ परत म्हणत. पुकारायचा मान दिसणाऱ्याचा. वहिनींनी बाटली उजेडाकडे धरली, तोंड उघडलं, आणि थांबल्या.

भाऊंचा हात वर गेला होता.

"निळा!" ते ओरडले.

वहिनींनी बाटली खाली ठेवली. टाकीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि हात वर केला.

"निळा!"